वेणीसकट चेहरा

७ नोव्हेंबर १९४३, रविवार

आज कागद चोरला. चाळिशी उलटल्यावर ही पहिली चोरी. सामोश्चच्या मुलींच्या शाळेत अठरा वर्षं चित्रकला शिकवली. तिथे एखादीने शेजारणीचा खोडरबर न विचारता उचलला तरी मी तिला तासभर उभी करायचे. मग एके दिवशी मी फळ्यावर आपल्या देशाचा जुना नकाशा काढला, कुणीतरी ते जर्मनांपर्यंत पोचवलं, आणि आता या छावणीत मी स्वतःच रोज हजेरीला तासन् तास उभी असते. देवालाही थट्टा सुचते म्हणायची.

माझं काम शिवणघरात. सैनिकांच्या कोटांचे भाग तपकिरी कागदावर आखून द्यायचे: बाही, पाठ, कॉलर. त्या कागदावरून फेलित्सिया कापड कापते. ती वूच शहरची शिंपीण. रात्री माझ्याच फळीवर पाठीला पाठ लावून झोपते. कागदाच्या कडेच्या पट्ट्या शेगडीत टाकायच्या असतात. त्यातल्या चार मी झग्याच्या आत सरकवल्या तेव्हा मान आपोआप खाली गेली. फेलित्सियाने कात्री न थांबवता ऐकवलं, "बाई, मान वर. खाली मान घालतो तो चोर, ताठ चालतो तो मालक."

एका पट्टीवर हे लिहिते आहे. उरलेल्या तिन्हींचं काय करायचं ते ठरलेलं आहे.

९ नोव्हेंबर, मंगळवार

आज तेओडोराचा नावाचा दिवस. आमच्यात वाढदिवसाचं कौतुक नसतं, जन्म तर कोंबडीलाही असतो. आपलं नाव ज्या संताचं, त्याचा दिवस तो आपला. तेओडोरा लुब्लिनची, औषधांचं दुकान चालवायची. साठीला टेकली आहे. पाय इतके सुजलेत की लाकडी बूट सुतळीने बांधून ठेवते. बसून बटणं लावायचं काम आहे म्हणून निभतंय.

जेवणाच्या सुट्टीत कापडाच्या गठ्ठ्यांमागे तिला बसवलं आणि पट्टीवर तिचं चित्र काढलं. जे दिसतं ते काढावं, हे मी मुलींना अठरा वर्षं घोकून घेतलं, तसंच काढलं. तिने हातात घेतलं आणि विचारलं, "ही कोण?" मी म्हटलं, तुम्हीच. तिने डोक्यावरून हात फिरवला. "बाई, मला वेणी होती हो. डोक्याभोवती गुंडाळायचे. दोन वेढे व्हायचे." इथे आल्या दिवशी आम्हा सगळ्यांची डोकी भादरली आहेत.

मग मी वेणी घातली. दोन वेढे. वेणी घातल्यावर खाली बसके गाल शोभेनात म्हणून गालही भरले, डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसली. शिक्षिका म्हणून मी या चित्राला शून्य दिलं असतं. तेओडोरा मात्र ते छातीशी धरून हुंदके देत हसत होती.

"झालं," फेलित्सिया म्हणाली. "आता हिच्यासाठी स्थळ बघायला लागणार."

२१ नोव्हेंबर, रविवार

अकरा चित्रं झाली. कोणी बसायला आली की पहिली गोष्ट केसांची. कुरळे की सरळ, भांग कुठून, कपाळावर बट यायची की नाही. चेहऱ्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. मी विचारत जाते आणि त्या सांगत जातात. अर्धी सुट्टी त्यातच जाते, आणि तेवढा वेळ त्या आपापल्या घरी जाऊन येतात. कोणी भाकरीची कड पुढे करतं. मी घेते. लाज वाटते, पण घेते.

चित्रं इस्त्रीच्या टेबलावरच्या पत्र्याखाली सपाट ठेवली आहेत. तिथे हात घालायची कुणाची छाती होणार नाही, पत्रा दिवसभर तापलेला असतो. आमच्यातली कोणी सुटली तर ती घरोघर पोचवेल. प्रत्येक चित्राच्या मागे मी नाव, क्रमांक आणि तारीख घातली आहे, सुवाच्य अक्षरात, उजव्या कोपऱ्यात. नावतारखेशिवाय चित्र म्हणजे बेवारस पोर.

फेलित्सियाने तेवढं एक पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "बाई, ही काय शाळेची वही आहे? चोरीच्या मालावर कोणी पत्ता लिहितं का?"

"अशी सवय आहे," मी म्हटलं. ती स्वतः बसायला तयार नाही. म्हणते, माझं तोंड मला पाठ आहे.

२८ नोव्हेंबर, रविवार

झडती झाली. पहारेकरणीने पत्रा उचलायला लावला. चित्रं गेली. नावं, क्रमांक, तारखा, सगळं माझ्या सुवाच्य अक्षरात. कोणी काढली हे विचारायचीही गरज पडली नाही, रोज त्याच अक्षरात मी "डावी बाही" लिहिते.

अकरा जणींना मी स्वतःच्या हाताने पकडून दिलं. फेलित्सियाने टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. उद्या बोलावतील.

३० नोव्हेंबर, मंगळवार

बोलावलं, पण मारलं नाही. अजून खरं वाटत नाही म्हणून लगेच लिहून ठेवते.

कचेरीतला तो अधिकारी, वेंडलर नावाचा, पन्नाशीचा, चष्मा, नखं स्वच्छ. टेबलावर माझी चित्रं ओळीने मांडलेली. मला क्रमांकाने न पुकारता 'शिक्षिकाबाई' म्हणाला. जर्मन येतं ना, विचारलं. मग तेओडोराचं चित्र उचललं. "हात चांगला आहे. डावा कान मात्र वर गेलाय." पाहिलं तर खरंच गेला होता! मी भीतीने अर्धमेली उभी, आणि मनात काय आलं, तर याला चित्र कळतं.

"ही केसांची कल्पना तुमची?"

"त्यांची इच्छा असते, साहेब."

"आम्हालाही आवडली," तो म्हणाला. "घरची मंडळी चौकशीची पत्रं पाठवून भंडावतात. फोटो काढायला इथे बंदी आहे. चित्राला कुणाची हरकत नाही. तुम्ही काढा, आम्ही घरी पाठवू."

कुणालाही शिक्षा नाही. अकराच्या अकरा जणी सुखरूप. मी बाहेर येऊन भिंतीला टेकले आणि लहान मुलीसारखी रडले.

५ डिसेंबर, रविवार

मला दवाखान्याच्या बराकीबाहेरची खोली मिळाली आहे, दिवसातून तीन तास. उत्तरेची खिडकी, जाड पांढरा कागद, रंगीत पेन्सिली. पेन्सिलीचा वास घेतला तर डोकं हलकं झालं.

वेंडलर यादी देतो. दहा बायका, बहुतेक आजारी नाहीतर वयस्क. त्यांना तळ्यापलीकडच्या पाइनच्या रानात विश्रांतिगृहात हलवायचं आहे. तिथे हजेरी नाही, दूध मिळतं. घरच्यांना चित्र जाईल आणि नवा पत्ता जाईल. दहा चित्रं पुरी झाली की गुरुवारी मोटार येईल, त्याआधी नाही. "कागद पुरा झाल्याशिवाय माणूस हलवायचा नाही, हा माझा नियम आहे," तो म्हणाला. मला नियम पाळणारी माणसं समजतात, मीही त्यातलीच.

फेलित्सियाने त्याचं नाव मधाचं बोट ठेवलं आहे. "दूध देतात म्हणे! बाई, संत मार्टिनच्या दिवशी आपण हंस खातो, त्याला आधी महिनाभर कणकेचे गोळे भरवतो. तेव्हा तोही म्हणत असेल, मालकीण किती मायाळू!"

तिला सगळीकडे वाईटच दिसतं. शिवणघरात बसून माणसाचा स्वभाव आंबतो.

१२ डिसेंबर, रविवार

सहा झाली. एक नवं लिहायचं आहे. चित्रामागची तारीख आता तो सांगेल ती घालायची. आजच्या चित्रांवर २५ जानेवारी घालायला लावली. मी विचारलं, कारण विचारल्याशिवाय मला राहवत नाही. म्हणाला, तपासणी आणि टपाल यात सहा आठवडे जातात, शिळी तारीख बघून आई-बापांना वाईट वाटतं. एवढा बारीक विचार मलाही सुचला नसता. तरी २५ जानेवारी लिहिताना पेन्सिल अडखळली. न आलेल्या दिवसाची तारीख मी आजवर कधी घातलेली नाही.

यादीत एक जागा रिकामी आहे. रात्रीत एक बाई वारली. वेंडलर म्हणाला, तुमच्या ओळखीची कोणी गरजू असेल तर सांगा. मी तेओडोराचं नाव दिलं. बटणांचं काम आता बंद होणार आहे, त्या पायांवर ती दगड वाहणार का?

तिला सांगितलं तर तिने माझे दोन्ही हात धरून मुके घेतले. "बाई, तुमच्या चित्राने मला तारलं." फेलित्सिया पाठ फिरवून चिंधीला टाका घालत बसली.

१६ डिसेंबर, गुरुवार

दुपारी मोटार आली. ताडपत्रीची. दहा जणींना हात देऊन चढवलं, तेओडोराला दोघींनी उचललं. ओरडणं नाही, ढकलणं नाही. तिने मला हात केला. डोक्याला फडकं गुंडाळलं होतं, दोन वेढे.

मोटार तळ्याच्या रस्त्याला न लागता दुसरीकडे वळली. पुढून फिरून जात असेल.

२४ डिसेंबर, शुक्रवार

ख्रिस्तजन्माची पूर्वसंध्या. घरी पानं मांडली की एक ताट जास्तीचं असतं, वाट चुकून दारी येईल त्याच्यासाठी. फळीवर आम्ही तिघी-चौघींनी भाकरी मोडून वाटून घेतली आणि एक तुकडा तसाच ठेवला. मी म्हटलं, हा तेओडोराचा. तिला तिथे दूध मिळालं असेल.

फेलित्सिया म्हणाली, "आमच्याकडे ते ताट गेलेल्यांचं असतं."

"ती गेलेली नाही. हलवली आहे."

"बरं बाई. हलवली."

तिला खोकला झाला आहे. बोलताना मध्ये थांबते, ही तिची रीत नव्हे.

९ जानेवारी १९४४, रविवार

दुसरे दहा ३० डिसेंबरला गेले, तिसरे या गुरुवारी जातील. अजून एकीचंही पत्र इथे आलेलं नाही. तिथून इथे लिहायची परवानगी नसेल.

फेलित्सियाच्या रुमालाला रक्त लागतं. ती लपवते, पण पाठीला पाठ लावून झोपणाऱ्यापासून काय लपणार? बराकप्रमुख म्हणते, पुढच्या तपासणीत हिला कामावरून काढतील. माझ्या हातात उपाय आहे आणि मी स्वस्थ बसू? वेंडलरकडे जाऊन नाव दिलं. त्याने लगेच टंकलिखित यादीत चढवलं. चौथे दहा, २७ जानेवारी.

तिला सांगितल्यावर जे झालं ते लिहिताना बरं वाटत नाही. माझी बाही धरून दबक्या आवाजात म्हणाली, "कुणाला विचारून दिलंत? मी तुमची विद्यार्थिनी आहे का?"

"तू मरशील इथे!"

"मग इथे मरेन. तुमच्या शेजारी. निदान तुम्हाला कळेल तरी."

नंतर स्वतःच म्हणाली, "जाऊ द्या. तुम्हाला माझं वाईट थोडंच करायचंय." त्या बोलण्याने मला जास्त लागलं.

१८ जानेवारी, मंगळवार

फेलित्सिया बसली. केस कसे होते विचारलं तर म्हणाली, "उंदराच्या शेपटीएवढे. घाला तुम्हाला हवे तेवढे, कापड तुमचं आहे." कपाळ, नाक, हनुवटी झाली. डोळे आणि तोंड उद्यावर ठेवलं. आजवर काढलेल्यात हे चित्र सगळ्यात चांगलं होणार.

२० जानेवारी, गुरुवार

मला नीट लिहिता यायला हवं.

वेंडलर सकाळी तेओडोराचं जुनं चित्र घेऊन आला. तेच, तपकिरी पट्टीवरचं. म्हणाला, हिच्या भावाने पुन्हा चौकशी केली आहे. एक नवीन काढून द्या. थोडी जाड दाखवा, मागे खिडकी, खिडकीत फुललेलं सफरचंदाचं झाड. तारीख ९ एप्रिल, ईस्टर आहे त्या दिवशी.

मी म्हटलं, "साहेब, मोटारीतून मला तिकडे नेलंत तर समोर बसवून काढीन. आठवून काढलं की कान चुकतो."

त्याने चष्मा काढून पुसला. रागावला नाही. मग एखाद्या मंद मुलीला समजवावं तसं हळू म्हणाला, "आठवूनच काढा, शिक्षिकाबाई. कान चुकला तर आता कोण ताडून बघणार आहे?"

तीस. तीस चेहरे मी काढले. ज्या दिवसाची तारीख घातली तो दिवस त्यातली एकही पाहणार नाही. ती चित्रं बघून घरोघरी आया म्हणत असतील, पोरगी सुधारली हो. फेलित्सियाला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. मला डोळे नव्हते का? होते. पण त्याने माझा हात चांगला आहे म्हटलं, आणि मला पेन्सिलीचा वास आवडला.

मी त्याला सांगितलं की फेलित्सियाचं नाव चुकून दिलं, ती ठणठणीत आहे. "यादी टाइप झाली," तो म्हणाला.

२३ जानेवारी, रविवार

फेलित्सियाला सांगितलं. मला वाटलं होतं थुंकेल तोंडावर. तिने नुसतं विचारलं, "तेओडोराला त्रास झाला असेल का हो फार?" मी तिचे हात धरले. दोघी रडलो.

मग तीच म्हणाली, "कागद पुरा झाल्याशिवाय माणूस हलत नाही ना? मग नका करू पुरा." चौथ्यातले नऊ चेहरे झाले आहेत. दहावा तिचा. तो अडला तर दहाही जणी अडतात.

२५ जानेवारी, मंगळवार

काल डोळे काढले आणि खोडून कागद फाडला. सांगितलं, कागद ओला होता. आज नवीन कागदावर कपाळापासून सुरुवात केली. वेंडलर मागे येऊन उभा राहिला. "तुम्हाला एवढा वेळ कधी लागत नाही." मी म्हटलं, ही खोकते, हलते. म्हणाला, उद्या संध्याकाळपर्यंत मला तोंड आणि डोळे हवेत. त्याची चाहूल लागताच मी उजवा हात मांडीखाली दाबला होता. तो माझा हात शोधत होता असं वाटलं.

२६ जानेवारी, बुधवार

आज खोलीत गेले, चार रेघा काढल्या आणि पोटात कळ आल्याचं सांगून पडून राहिले. वेंडलरने पाहून घेतलं, म्हणाला, ठीक, उद्या सकाळी सहाला. मोटार दुपारी आहे.

चुकीचं काढू शकत नाही, तो चूक ओळखतो. भादरलेलं, आजारी असं खरं रूप काढून दिलं तर तो मला मारेल आणि दुसरी कोणी शोधेल. शोधेलच, पण त्याला आठवडा लागेल. आठवडा म्हणजे आठवडा. फेलित्सियाला सांगितलेलं नाही, ती हात धरून ठेवेल. पहाटे शिवणघर उघडतं तेव्हा शेगडी पेटलेली असते आणि इस्त्र्या तापत ठेवलेल्या असतात. मला भीती वाटते आहे. फार भीती वाटते आहे.

३० जानेवारी, रविवार

हे अक्षर माझं, फेलित्सियाचं. बाईंना पेन्सिल धरता येत नाही. चुका निघाल्या तर निघू द्या, मी चौथीनंतर कात्रीच धरली.

गुरुवारी पहाटे बाईंनी उजवा हात टेबलावर पसरला आणि डाव्या हाताने इस्त्री त्यावर ठेवली. माझ्यासमोर. मी किंचाळले, त्या नाही. मी इस्त्री ओढून काढेपर्यंत जे व्हायचं ते झालं होतं. पहारेकरणीला सांगितलं, निसटली. मधाचं बोट आलं, हात बघितला, मग माझा अर्धा कागद बघितला. तोंड नाही, डोळे नाहीत. तसाच निघून गेला. दुपारी मोटार आली नाही.

शुक्रवारी हजेरीला तो स्वतः आला. म्हणाला, तुमच्यात चित्र कोणाला काढता येतं? जास्तीची भाकरी, गरम खोली. माझ्या शेजारी अपोलोनिया उभी होती, जिने जन्मभर चर्चमधले संत रंगवले. मागच्या ओळीत दोघी शिकलेल्या चित्रकार. आमच्या बराकीत मला माहीत आहेत अशा सात जणी. एकीचाही हात वर गेला नाही. मग तो म्हणाला, आठवेपर्यंत उभ्या राहा. बर्फात दुपारपर्यंत उभ्या राहिलो. दोघी कोसळल्या, आणि पडतानासुद्धा कोणी हात वर केला नाही.

बाईंना काल आजारी बराकीत नेलं. ज्याला हात नाही त्याला काम नाही, आणि ज्याला काम नाही त्याचं इथे काय होतं ते आता सगळ्यांना माहीत आहे. आज रविवार म्हणून भाकरीच्या अर्ध्या कडेच्या लाचेवर मला आत सोडलं. ताप आहे. हात चिंधीत. मला म्हणाल्या, पट्टी आण, लिही, मी सांगते.

पहिलं वाक्य सांगितलं: "तेओडोराचं नाव मी दिलं."

मी म्हटलं, बाई, हे कशाला? वाचणारा काय म्हणेल? म्हणाल्या, "लिही. नावं त्याने दिली, चेहरे मी दिले. तेओडोराचं नावसुद्धा मी दिलं." लिहिलं. मग एकेक सांगायला लागल्या. तीसच्या तीस पाठ. नाव, गाव, आणि जाताना अंगावर काय होतं ते. केसांचं एकदाही बोलल्या नाहीत. मध्ये ग्लानी यायची, मी ओठ ओले करायचे, पुन्हा पुढचं नाव. ओळ सोडली की डाव्या हाताने माझं मनगट धरायच्या.

तीस झाली तेव्हा मी पेन्सिल ठेवली. म्हणाल्या, "एक राहिलं. तुझं. तेही मीच दिलं होतं."

मी म्हटलं, ते लिहिणार नाही. लिहिणारी मी आहे, आणि मी इथे बसले आहे.